झुमाकादिरबाबांचे पाय

कारा-बुलुन गावात गुलकायीर एखाद्या दारात उभी राहिली की आतल्या बाया आधी कढईवर झाकण ठेवतात आणि मग "ये गं" म्हणतात. ती गावच्या दवाखान्यातली नर्स. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक वजनकाटा, रक्तदाब मोजायचं एक यंत्र आणि भिंतीवर सरकारकडून आलेला एक रंगीत कागद. कागदावर बशीचं चित्र, बशीत मासा, लिंबाची फोड आणि ब्रोकोली. ब्रोकोली आमच्या खोऱ्यात आजवर कुणी पाहिलेली नाही. बरेच दिवस लोक तिला झाड समजायचे आणि झाड कशाला खायचं म्हणून विचारायचे. शेवटी गुलकायीरने त्या बशीवर दुसरा कागद चिकटवला आणि स्वतःच्या हाताने गाजर, सलगम, भोपळा आणि दह्याचा वाडगा काढला. सलगम जरा उंदरासारखा झाला आहे, पण काय ते कळतं.

"आली बाई मीठ मोजायला!" शेजारची बातमा तिला पाहून ओरडते. "चहात घातलंय हं, आधीच सांगते. पकडायचं तर पकड."

"चहात घाला, पण मग मांसात तरी कमी घाला, काकू. दोन्हीकडून का मारताय जिवाला?"

"मरायचंच आहे की एक दिवस."

"मरणाचं मी काही बोलत नाही. मी अंथरुणाचं बोलते."

यावर बातमा गप्प बसते. बातमाला गप्प बसवणं हे आमच्या गावात सोपं काम नाही.

गुलकायीरचं म्हणणं तसं फार मोठं नाही. ती म्हणते, हिवाळ्यात मांस खा, कोण नको म्हणतंय? पण मग हिवाळ्यासारखी कामंही करा. गाडीत बसून दुकानात जायचं, दुकानातून येऊन भट्टीला पाठ लावून बसायचं, आणि खायचं मात्र दिवसभर कळपामागे फिरून आलेल्या माणसासारखं! कळप विकलात हे पोटाला कसं कळणार? तिने बायकांना संध्याकाळी पुलापर्यंत चालायला लावलं आहे. पोरांना शनिवारी गोठलेल्या कालव्यावर घसरायला हाकलते. घरोघरी तळघरात गाजरं आणि भोपळे किती उरलेत ते फेब्रुवारीत जाऊन बघते. लोक कुरकुरतात, तिच्या मागे तिची नक्कल करतात, पण ऐकतात. ऐकतात, कारण तिच्या स्वतःच्या घरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. आणि ती एवढी हात धुवून लोकांच्या मागे का लागते, तेही त्यातच आलं.

तिचे सासरे झुमाकादिर. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून आपण घेऊ.

झुमाकादिरबाबांनी चाळीस वर्षं मेंढ्या राखल्या. वर्षातून चार वेळा बिऱ्हाड हलायचं. वसंतात खालचं कुरण, उन्हाळ्यात अगदी वर जायलूवर, म्हणजे उंचावरच्या कुरणावर, शरदात पुन्हा मध्ये, आणि बर्फ पडायच्या आत डोंगराच्या कुशीतल्या गोठ्यापाशी. त्यांचं खाणंही तसंच हलायचं. हिवाळ्यासाठी कापलेल्या जनावराचं मांस मार्चपर्यंत संपायचं. मग दोन-अडीच महिने ताक, भरडलेल्या जवाचं आंबवलेलं पेय, रानकांदा आणि उतारांवर उगवणारी आंबट लाल देठं. उन्हाळ्यात घोडीच्या दुधाचं किमिझ, ते सहा वाडगे प्यायले तरी दिवसभरात दोन डोंगर व्हायचे. हे त्यांना कुणी तब्येतीसाठी म्हणून सांगितलं नव्हतं. मांस संपायचं म्हणून ते खायचे नाहीत, आणि मेंढ्या थांबायच्या नाहीत म्हणून तेही थांबायचे नाहीत. एकसष्टाव्या वर्षी त्यांच्या कमरेचा पट्टा त्याच भोकात बसत होता, ज्या भोकात तो लग्नात बसला होता. हे त्यांची बायको उल्कान सगळ्यांना सांगायची आणि ते लाजायचे.

मग धाकट्याचं लग्न झालं. आमच्याकडे आईबाप धाकट्यापाशी राहतात. तालायबेक रस्तेखात्यात बर्फ ढकलायचं यंत्र चालवायचा, त्यामुळे घर खाली गावात हवं होतं. कळप थोरल्या ओरोझालीने घेतला आणि तो वर गेला. म्हातारा-म्हातारी खाली आली. आणि त्याच शरदात दूरच्या तालास खोऱ्यातून नवी सून आली, गुलकायीर. वय बावीस, नुकती नर्सिंग शिकलेली, डोक्याला पांढरा रुमाल, आणि एकही ओळखीचं माणूस जवळ नाही.

सून घरात आली की म्हाताऱ्यांचं काम संपलं. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण मोडून दाखवा बघू.

गुलकायीरला आठवडाही झाला नव्हता. सकाळी ती गाईचं दूध काढून बाहेर आली तर सासरे दोन रिकाम्या बादल्या घेऊन फाटकातून निघालेले. नळ चौकात, चारशे पावलांवर. ते त्या घरात आल्यापासून रोज आणायचे. कळपाशिवाय सकाळी करायचं काय, हा त्यांचा प्रश्न त्यांनी बादल्यांनी सोडवला होता. चौकात दोन म्हातारे भेटायचे, चार गप्पा व्हायच्या, भरल्या बादल्यांचं वजन खांद्यांना बरं वाटायचं.

बातमा आपल्या फाटकाशी उभी होती. ती सकाळी तिथे उभीच असते. "काय हो झुमाकादिर," ती म्हणाली, आणि पलीकडच्या दोन घरांनाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "सून आणलीत का पाहुणी आणलीत? तालासकडच्या पोरींना बादली उचलायला शिकवत नाहीत वाटतं!"

गुलकायीरचे कान लाल झाले. ती धावत गेली आणि सासऱ्यांच्या हातातल्या बादल्या तिने ओढून घेतल्या. अक्षरशः ओढल्या. "बाबा, मी असताना तुम्ही? बसा तुम्ही, बसा." झुमाकादिरबाबा क्षणभर हात तसेच धरून उभे राहिले. मग घरात गेले.

त्यानंतर एकेक करून सगळंच गेलं. लाकडं ती पहाटेच फोडून ठेवायची, ते उठायच्या आत. बर्फ ढकलायचं फावडं तिने कोठीत ठेवलं. गोठा ती झाडायची, चारा ती टाकायची, आणि मग दवाखान्यात जायची. म्हातारे कशासाठीही उठले की तिचे पाय त्यांच्या आधी उठायचे. "काय हवंय, बाबा?" "काही नाही गं, जरा बाहेर..." "मी बघते ना, तुम्ही बसा." दारासमोरच्या भिंतीशी मानाची जागा असते, तिथे चार गोधड्या एकावर एक घालून, मागे उशा लावून तिने त्यांना बसवलं. शुद्ध मनाने बसवलं. स्वतःच्या बापाला तिने एवढं कधी जपलं नव्हतं.

आणि समोर जेवणासाठी पसरलेला दस्तरखान. पांढरा पाव, तुपात तळलेले कणकेचे बोरसोक, साय, जर्दाळूचा मुरंबा, कागदातल्या गोळ्या. मांस शिजलं की मोठा, चरबीचा तुकडा त्यांच्यापुढे. मेंढ्याच्या शेपटाची चरबी तर आमच्याकडे मानाचीच. वर डोंगरात ती वर्षातून चार-पाच वेळा मिळायची, इथे आठवड्याला. मार्च आला आणि गेला. मांस संपलं नाही, कारण शहरातून घेतलेला मोठा फ्रीज होता. बाबांनी एकदा विचारलं, "रानकांदा आला असेल नाही वर?" गुलकायीरने दुकानातून कांदा आणून चिरून दिला. जून आला तरी ताटात जानेवारीच.

सहा महिन्यांत पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. ते उल्कानने खिळा तापवून पाडलं आणि हसली, "सून मानवली बरं का तुम्हाला!" सगळेच हसले. गुलकायीरला आपलं कौतुक झाल्यासारखं वाटलं.

दुसरीकडे, हीच गुलकायीर दवाखान्यात काय करत होती? तिथे ती लोकांची तासंपट्टी करत होती. टपालवाल्याला तिने चरबी तोडायला लावली, शाळेच्या मास्तरांना चालायला लावलं. पन्नाशीपुढच्या प्रत्येक माणसाचा रक्तदाब तिच्या वहीत होता. फक्त एक ओळ रिकामी. सुनेने सासऱ्याची बाही वर करून उघड्या दंडाला पट्टा गुंडाळायचा म्हणजे... छे! शिवाय वहीत नाव लिहायचं ते कसं लिहिणार? जिल्ह्याहून डॉक्टर येतील तेव्हा त्यांना सांगू, असं ती ठरवायची. डॉक्टर आले की ती चहाच्या गडबडीत असायची. ती शिकलेली होती, तिला आकडे पाठ होते, आणि तरी स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडताना ती ते सगळं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायची. मला तिचा राग येतो तो इथे.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात ओरोझाली जायलूवर निघाला तेव्हा खाली भेटायला आला. चहा झाला. झुमाकादिरबाबा म्हणाले, "मीही येतो. तांबड्यावर बसून येईन. दोन महिने राहीन, तुझ्या पोरांना घोडीची धार काढायला शिकवीन."

तांबडा म्हणजे त्यांचा घोडा. खाली आले तेव्हा कळपातून ही एवढीच गोष्ट त्यांनी मागून घेतली होती.

ओरोझाली खूश झाला. पण तालायबेकचं तोंड उतरलं. "बाबा, लोक काय म्हणतील? म्हाताऱ्याला धाकट्याने वर हाकललं म्हणतील. ह्या वयात तंबूत झोपायचं तुम्ही? घर कशाला बांधलंय मग?"

"अरे, मला जरा चालायला..."

"अंगणात चाला ना!"

म्हाताऱ्यांनी मग सुनेकडे पाहिलं. तिच्याकडे का, तर घरात तीच एक अशी होती की तिने "जाऊ द्या, त्यांना बरं आहे ते" म्हटलं असतं तर दवाखान्याचं मत म्हणून सगळ्यांनी मानलं असतं. तालायबेकही निमूट बसला असता. गुलकायीर चहा ओतत होती. तिला माहीत होतं. दोन वर्षांत त्यांचा चेहरा लाल झाला होता, ओसरीच्या तीन पायऱ्या चढून ते थांबायचे, श्वास घ्यायचे, आणि पायऱ्यांवर त्यांचा गुडघा थरथरायचा, हे सगळं तिने पाहिलं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे बातमाचं फाटक आलं. सासरे उन्हाळाभर घराबाहेर! सुनेने दोन घास गोड लागू दिले नसतील, असंच ती म्हणणार.

"तुम्ही गेलात तर आमचं घर ओकंबोकं होईल, बाबा," ती म्हणाली आणि वाडगा त्यांच्या हातात दिला.

ओरोझाली एकटाच वर गेला.

त्या शरदात बाबांना त्रेसष्ट पुरी होत होती. पैगंबर गेले तेव्हाचं वय. आमच्याकडे त्याची मेजवानी करतात, आणि मेजवानीला घोडा कापला नाही तर ती मेजवानी नव्हे, नुसतं जेवण. तालायबेकने ऑगस्टपासून तांबड्याला खुंट्याला बांधून ठेवलं. हिंडवायचा नाही, पळवायचा नाही, वेळेवर जव आणि गवत. आमचे लोक घोड्यावर मांस असंच चढवतात, त्यात गैर कुणालाच वाटत नाही. तालायबेकचा हिशेब साधा होता. बाबा आता त्याच्यावर बसत नाहीत, घोडा उभा राहून खातो, मग दुसरा कशाला आणायचा? त्याने बापाला विचारलंही. बाबा म्हणाले, "तुमच्या मनाला येईल तसं करा."

पण एके सकाळी ते ओसरीवर बसून खुंट्याकडे बघत होते आणि गुलकायीर जवाचं घमेलं घेऊन चालली होती. ते म्हणाले, "पोरी, माणूस मेल्यावर त्याच्या वर्षाच्या जेवणाला त्याचा घोडा कापतात. तुम्हाला फारच घाई बुवा."

"असं काय बोलता, बाबा!"

"थट्टा गं. बघ की, त्याला तीन महिने बांधून खाऊ घातलं तर केवढा झाला. मला दोन वर्षं झाली. माझा भाव काय येईल?"

ते हसले. तीही हसली. मग तिने घमेलं घोड्यापुढे ठेवलं. त्या दिवशी तिने ठरवलं होतं की आज संध्याकाळी यंत्र घरी आणायचं. संध्याकाळी तिच्या हातात बोरसोकचं पीठ होतं, कारण मेजवानीला दीडशे माणूस यायचं होतं.

मेजवानी मोठी झाली. बाबांना नवा अंगरखा, नवी उंच टोपी. त्यांच्यापुढे घोड्याच्या आतड्यात भरलेलं चरबीचं मांस ठेवलं. त्यांनी एक तुकडा सुरीने कापला, तोंडापर्यंत नेला, परत ठेवला. कुणी तरी म्हणालं, "खा की! तुमचाच मान आहे." मग त्यांनी खाल्ला. गावच्या वडीलधाऱ्याने उठून आशीर्वाद दिला आणि म्हणाला, "झुमाकादिरने दोन वर्षांत काडी इकडची तिकडे केली नाही! सून असावी तर अशी." लोकांनी माना डोलावल्या. बातमाने सगळ्यांसमोर गुलकायीरच्या गालांचे मुके घेतले आणि स्वतःच्या सुनेला म्हणाली, "बघ, शीक काही." गुलकायीर त्या दिवशी जमिनीवर नव्हती. आता ती हे सांगते तेव्हा मान खाली घालते, पण सांगते. खोटं नाही बोलत.

मार्चमध्ये, नवरोजला चार दिवस राहिले होते. सकाळचा चहा चालला होता. बाबांच्या हातातून वाडगा पडला. ते तो उचलायला गेले आणि हात हललाच नाही. तोंड एका बाजूला ओढलं. उल्कान ओरडली. गुलकायीर दवाखान्यात पळत गेली आणि यंत्र घेऊन पळत आली. तिने सासऱ्यांची बाही वर केली, पट्टा गुंडाळला. लग्नाला अडीच वर्षं झाली होती, त्यांच्या अंगाला तिचा हात पहिल्यांदा लागत होता. आकडा बघून तिने यंत्र पुन्हा लावलं. आकडा तोच होता.

तालायबेकने त्यांना गाडीत घालून जिल्ह्याला नेलं. जीव वाचला. वाचा तीन आठवड्यांत बरीचशी परत आली. उजवा हातही थोडा परत आला. डॉक्टरीणबाई पोक्त होत्या. त्यांनी म्हाताऱ्यांची मांडी दाबून पाहिली आणि गुलकायीरला बाजूला घेतलं. "झटका आता आला," त्या म्हणाल्या, "पण पाय आधीच गेले होते. एवढी वर्षं डोंगरात राहिलेल्या माणसाची मांडी अशी मऊ कशी? काही करत नव्हते का?"

"नाही," गुलकायीर म्हणाली. "आम्ही करू देत नव्हतो."

डॉक्टरीणबाईंना वेगळं समजवावं लागलं नाही. त्याही कुणाच्या तरी सूनच होत्या.

घरी आणल्यावर गुलकायीर बदलली. मानाच्या जागेवरच्या चार गोधड्यांपैकी तीन तिने काढल्या. दस्तरखानावरच्या गोळ्या गेल्या, मुरंबा गेला. तिने मोठ्या मडक्यात जवाचं पेय आंबवायला घातलं. एप्रिलमध्ये रविवारी स्वतः दोन तास चढून रानकांदा आणला आणि बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो हुंगला, खाल्ला, डोळे पुसले. तालायबेकला ती पायी कामावर पाठवू लागली. तो चिडला, "सगळं घरच आता दवाखाना केलंस!" पण जायला लागला. सासूलाही ती म्हणाली, "आई, आजपासून गाईची धार तुम्ही काढायची." उल्कानने शेजारणीच्या देखत विचारलं, "मी?" "हो, तुम्ही." बातमा फाटकाशी होती. गुलकायीरने तिच्याकडे वळून पाहिलं, "काय म्हणायचंय ते आत्ताच म्हणा काकू, मला दवाखान्यात जायचंय." त्या दिवसापासून बातमा जरा जपून बोलते.

सगळ्यांचं सुधारलं. उल्कानच्या गुडघ्यांची सूज उतरली, तालायबेकचं पोट गेलं. ज्याच्यासाठी हे सगळं, त्याचं मात्र नाही. गुलकायीर रोज सकाळी आणि संध्याकाळी बाबांना काखेत धरून उभं करायची. पहिल्या वर्षी ओसरीच्या खांबापर्यंत, सहा पावलं. दुसऱ्या वर्षी चार. ते कधी नाही म्हणाले नाहीत. घामाने भिजायचे, दात आवळायचे, ती म्हणेल तेवढं करायचे. थकले की म्हणायचे, "जनावर एवढं हट्टी असतं तर मी केव्हाच विकलं असतं." ती म्हणायची, "विका. पण आधी खांबापर्यंत चला." गाव म्हणायचं, सून असावी तर अशी. आता ते ऐकलं की ती पाठ फिरवायची.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात ओरोझालीचा कळप वरून उतरला. गावाच्या कडेच्या रस्त्याने धुळीत मेंढ्या चालल्या होत्या, मागे ओरोझालीची पोरं घोड्यांवर. गुलकायीरने बाबांना ओसरीवर उभं केलं होतं, दोन्ही हातांनी धरून. ते बघत होते. त्यांचा डावा पाय आपोआप थोडा पुढे सरकला आणि उजवा राहिला. तिच्या हातांना ते कळलं. तिने त्यांना अलगद खाली बसवलं आणि तिथेच त्यांच्या पायाशी बसून ती रडायला लागली. गावाने पाहिलं तर पाहू दे.

"माझ्यामुळे झालं हे, बाबा," ती म्हणाली. "मला सगळं माहीत होतं. मी शिकले होते. लोकांना सांगत फिरत होते. आणि तुम्हाला मी खाऊ घालून बसवलं. तुम्ही एकदा तरी ओरडायचं माझ्यावर! हात झटकायचा! एवढा मोठा कळप वळवलात तुम्ही, मला नाही वळवता आलं?"

झुमाकादिरबाबांची जीभ अजून जड होती. ते एकेक शब्द ठेवत बोलायचे.

"झटकणार होतो," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी. घरात गेलो, आणि मागच्या दाराने पुन्हा बाहेर आलो. म्हटलं, गपचूप जाऊन पाणी आणावं. तर तू गोठ्यामागे होतीस."

गुलकायीरने वर पाहिलं. त्या दिवशी बादल्या भरून आणल्यावर ती गोठ्यामागे जाऊन रडली होती. रुमाल तोंडात कोंबून, आवाज होऊ नये म्हणून. हे तिने नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

"शेणात बसून रडत होतीस," बाबा म्हणाले. "केवढीशी होतीस. आई म्हणत होतीस तोंडातल्या तोंडात. मी म्हटलं, दूरची पोर आहे. मी पाणी आणलं तर ह्या बाया हिला जगू द्यायच्या नाहीत. बसून राहू. चार दिवस, महिना. हिचं नाव होऊ दे गावात." ते थांबले, श्वास घेतला. "मग झालं तुझं नाव. तोवर मला उठवेना."

धूळ खाली बसली होती. मेंढ्यांचा आवाज चौकापलीकडे गेला होता.

"मला नको होतं नाव," गुलकायीर म्हणाली. "असलं नाव काय करायचंय मला, बाबा?"

म्हाताऱ्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. रागाने नाही, समजूत घालावी तसं ते म्हणाले, "तेव्हा हवं होतं, पोरी."

आणि ते खरं होतं.